तोवर नुसते वागवीन

चित्रा थॉर्नहिल हे नाव ऐकलं की माणसं आधी तिच्या तोंडाकडे बघतात, मग गळ्यातल्या ओळखपत्राकडे, आणि मग तो प्रश्न येतोच. नगरला असताना कॉलेजच्या कारकुनाने विचारला होता. "आडनाव?" "थॉर्नहिल." "अहो ते कळलं, खरं आडनाव सांगा." इथे आयर्लंडात, डोनेगल जिल्ह्यातल्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलात ती रेडिओग्राफर आहे. मोडक्या हाताचा एक्स-रे काढायला आलेली म्हातारीसुद्धा तेच विचारते, फक्त गोड आवाजात: "आणि लग्नाआधीचं नाव काय गं तुझं?" लग्नाआधीचंही हेच, असं म्हटलं की म्हातारी पुन्हा ओळखपत्र वाचते. लग्न पुण्याच्या संकेतशी झालं, तो नोकरीपायी डब्लिनला असतो, पण आडनाव काही तिने बदललं नाही. हट्ट म्हणा, खोड म्हणा, थॉर्नहिलांच्या घरात ती पिढीजात आहे.

आता हे नाव आलं कुठून ते सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुमच्याही डोक्यात तोच किडा वळवळत राहायचा. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात नगर जिल्ह्यातली पोरकी पोरं मिशनने गाड्या भरभरून उचलून आणली. एकेका पोराला परदेशातलं एकेक चर्च पोसायचं, आणि जो पोसेल तो नाव ठेवेल, अशी रीत. चित्राच्या पणजोबाला डोनेगलच्या एका समुद्राकाठच्या खेड्याने पोसलं. त्या चर्चमध्ये थॉर्नहिल मंडळींचा शब्द चालायचा. झालं, पोराचं नाव पडलं शमुवेल थॉर्नहिल. पुढे तो मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर झाला आणि चाळीस वर्षं त्याने ते काम केलं. प्लेगच्या लशीला लोक घाबरायचे, दगड मारायचे. तेव्हा हा गडी गावोगाव जाऊन पारावर उभा राहायचा, सगळ्यांदेखत आधी स्वतःच्या दंडात सुई खुपसून घ्यायचा आणि म्हणायचा, "मेलो तर पुरा, नाही मेलो तर रांग लावा." रांग लागायची. चित्राने हे लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की नोकरीच्या वेळी डब्लिन आणि कॉर्क सोडून तिने डोनेगलच निवडलं.

तर मार्चमध्ये तिच्या दारात एक छापील पत्र पडलं. थॉर्नहिल कुळाचं संमेलन ऑगस्टात, त्याच खेड्यात. देशोदेशीच्या थॉर्नहिलांनी यावं. चर्चच्या हॉलमध्ये नामवंत थॉर्नहिलांचा फलक आहे, तो यंदा नव्याने रंगवणार, तरी कुणाला एखादं नाव सुचवायचं असल्यास कळवावं. खाली अध्यक्षांची सही, डेझमंड थॉर्नहिल. चित्रा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसली. पुण्यात मैत्रिणींच्या घरी जाडजूड कुलवृत्तांत असायचे, संमेलनं व्हायची, कुळातले न्यायाधीश आणि सरदार मोजून दाखवले जायचे. आणि हिच्या कुळात मोजून तीन घरं. आता जन्मात पहिल्यांदा तिच्याही आडनावाचं संमेलन निघालं होतं. तिने त्याच दिवशी बसून पणजोबाची सगळी हकिकत लिहिली, फोटो जोडला आणि पाठवून दिली.

चूक एवढीच केली की पप्पांना सांगितलं.

पप्पा म्हणजे शिरीष थॉर्नहिल, नगरच्या शाळेतले मराठीचे निवृत्त मास्तर, वय एकाहत्तर. त्यांनी पुढच्याच रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर सगळ्या मंडळीला जाहीर करून टाकलं की आमच्या आज्याचं नाव आयर्लंडात पाटीवर लागतंय. पेढे वाटले. विमानाचं तिकीट ऑगस्टचं काढलं. रोज फोन. "चित्रे, पाटी कशाची हाय? लाकडी का दगडी?"

आणि मे महिन्यात डेझमंड साहेबांचं उत्तर आलं. आपली हकिकत वाचून आम्हाला गहिवरून आलं. परंतु नियमानुसार फलकावर रक्ताने किंवा विवाहाने थॉर्नहिल असलेल्यांचीच नावं घेता येतात. आपल्या पणजोबांना हे नाव आमच्या पूर्वजांनी दयाबुद्धीने दिलं होतं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. आपण 'कुळाचे मित्र' म्हणून अवश्य यावं. त्यांनी लहानपणी लिहिलेलं आभाराचं पत्र आमच्या हॉलमध्ये टांगलेलं आहे, ते पाहून आपल्याला आनंद होईल. जाता जाता एक विनंती, आपल्याकडचे काही तिखट पदार्थ आणता आले तर मुलांना फार मजा येईल.

चित्राच्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्या दिवशी तिने ते पत्र नोरीनला दाखवलं. नोरीन तिच्याच विभागातली, जन्माने डोनेगलची, जिभेला हाड नसलेली. तिने वाचलं आणि चहाचा मग आपटला. "युवर मॅन डेझमंड!" इथे कुठल्याही माणसाला असंच म्हणतात, 'तुझा माणूस'. "अगं, हे लोक चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातून आले ते आमच्या वाडवडिलांच्या जमिनीवर बसायला. यांनी जमीन उसनी घेतली ती चालते, आणि तुझं नाव उसनं? जा तू. जा, आणि पुढच्या रांगेत बस."

"पप्पांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. आधी भांड."

चित्राने पप्पांना काही सांगितलं नाही. भांडू, तिथे जाऊन भांडू, सगळ्यांसमोर भांडू, मग बघू कसे नाही म्हणतात, असं तिने मनाशी पक्कं केलं. तिखट पदार्थ न्यायचे नाहीत हेही पक्कं केलं.

संमेलनाच्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती पप्पांना घेऊन निघाली. पप्पांनी कोट घातला होता, मांडीवर आज्याचा फोटो, काचेचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बाहेर एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला समुद्र, मध्येच पाऊस, मध्येच ऊन. पप्पांचं लक्ष कशातच नव्हतं. दंडातल्या सुईची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली. मग म्हणाले, "एक गोष्ट मी कुनाला सांगितली न्हाई. तुझ्या आईलाबी न्हाई."

"काय?"

"आज्याला एक वाईट खोड होती. म्हाताऱ्या बायांची मनगटं धरायचा."

चित्राने त्यांच्याकडे बघितलं.

"तसलं न्हाई गं. दवाखान्यात, बाजारात, जत्रंत, कुठंबी म्हातारी दिसली की डावा हात धरायचा, पालथा-उलथा करून बघायचा आन् सोडून द्यायचा. लोक हसायचे. म्हणायचे, कंपाउंडरला नाडी बघायची सवय लागलीय. मी आकरा-बारा वर्साचा आसन. नगरच्या स्टँडवर त्यानं आशीच एका बाईची बांगडी वर सारली, तर तिच्या पोरानं त्याच्या थोबाडीत मारली. भर स्टँडवर. आज्याचा दुसरा हात माझ्या हातात होता." पप्पांनी फोटोवरचा कागद नीट केला. "मी तो हात सोडला आन् पळून घरी आलो. लाज वाटली मला. आज्या दोन तासांनी आला, काय बोलला न्हाई. त्याच साली वारला."

चित्राला बापाच्या मांडीवर हात ठेवावासा वाटला, पण रस्ता अरुंद आणि समोरून ट्रॅक्टर, त्यामुळे ते राहूनच गेलं.

हॉलच्या दारात टेबल होतं आणि टेबलावर छातीला लावायच्या चिकट चिठ्ठ्या. निळ्या चिठ्ठीवर 'थॉर्नहिल', हिरव्या चिठ्ठीवर 'मित्र'. टेबलामागे एक म्हातारी बसली होती, पांढरे केस, राखी स्वेटर. तिच्या स्वतःच्या निळ्या चिठ्ठीवर आयव्ही थॉर्नहिल असं लिहिलेलं. तिने यादीत बोट फिरवलं आणि दोन हिरव्या चिठ्ठ्या पुढे केल्या.

"आमचं आडनाव थॉर्नहिल आहे," चित्रा म्हणाली.

"यादीत मित्र म्हणून आहात तुम्ही," म्हातारी कोरडेपणाने म्हणाली. "मी फक्त यादी बघते."

पप्पांना इंग्रजी वाचता येत होतं. त्यांनी हिरवी चिठ्ठी बघितली, बाजूने जाणाऱ्या एका गोऱ्या पोराच्या छातीवरची निळी बघितली, मग चित्राकडे बघितलं. "पाटीवर नाव लागणार न्हाई, व्हय?"

"नियम आहे म्हणतात. रक्ताचे पाहिजेत. मी भांडणार आहे, पप्पा."

"मग मला आधी का न्हाई सांगितलं? मी पेढे वाटले की गं!" एवढंच म्हणून पप्पांनी हिरवी चिठ्ठी खिशात घातली, छातीवर लावली नाही, आणि फोटो बगलेत मारून आत गेले. तो वाकलेला कोट पुढे जाताना बघून चित्राला स्वतःचीच चीड आली.

आत सत्तर-ऐंशी माणसं असतील. सँडविचं, केक, चहाचे मोठाले थर्मास, पोरांची पळापळ. समोरच्या भिंतीवर तो फलक, ताज्या रंगाचा वास अजून येत होता. बारा नावं. एक आरमाराचा कप्तान, एक बिशप, एक बाई जिने टेनिसमध्ये कुणालातरी हरवलं होतं, एक जण देशाकडून रग्बी खेळलेला, तोही एकदाच. आणि एक वनस्पतींचा अभ्यासक, त्याचं नाव म्हणे एका शेवाळाला दिलेलं आहे. चित्राने तो फलक दोनदा वाचला. शेवाळ! प्लेगच्या गावात दगड खाणारा माणूस चालत नाही आणि शेवाळवाला चालतो!

डेझमंड थॉर्नहिल स्वतःच पुढे आले. उंच, तांबूस चेहऱ्याचे, निवृत्त गुरांचे डॉक्टर. माणूस वाईट नव्हता हो, हेच तर दुखणं. दोन्ही हातांनी पप्पांचा हात धरून त्यांनी इतक्या प्रेमाने हलवला की भांडायला आलेल्या चित्राची पंचाईत झाली. "या, या! तुम्हाला दाखवायचीच आहे ती गोष्ट. माझ्या आजोबांनी ही चौकट केली." आणि त्यांनी दोघांना बाजूच्या भिंतीकडे नेलं.

काचेच्या चौकटीत वर एक पिवळा पडलेला कागद, मोठ्या अक्षरांत, काळ्या शाईने लिहिलेला. खाली दुसरा कागद, तिरप्या सुबक इंग्रजीत, कुणा मिशनच्या बाईने केलेलं भाषांतर. डेझमंडनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. प्रिय उपकारकर्त्यांनो, मी येथे सुखात आहे. मला पोटभर जेवण मिळते. मी देवाची गाणी शिकतो. आपण दिलेल्या सुंदर नावाचा मला अभिमान वाटतो आणि मी रोज आपल्यासाठी प्रार्थना करतो. आपला कृतज्ञ, शमुवेल थॉर्नहिल.

"आणि बघा," डेझमंड कौतुकाने वरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, "दहा-अकरा वर्षांचं पोर, पण रेघेवरून जरा ढळलं नाही. आधी रेघ आखलीय आणि तिच्यावर कसं नेटकं लिहिलंय."

चित्राने बघितलं. पुन्हा बघितलं. दिवसभर एक्स-रे उलटसुलट करून बघणाऱ्या बाईला एवढं कळायला वेळ लागायला नको होता. रेघ अक्षरांच्या खाली होती.

"हे उलटं टांगलंय," ती म्हणाली.

"काय?"

"उलटं! खालचं वर! ही रेघ लिहिण्यासाठी आखलेली नाही, ती अक्षराच्या डोक्यावर असते. तुम्ही माझ्या पणजोबाला शंभर वर्षं शीर्षासन घालून ठेवलंय!"

डेझमंड हसायला लागले, मग तिचं तोंड बघून थांबले. "खात्री आहे तुमची?" असं त्यांनी विचारलंच. चित्राने सरळ चौकट खुंटीवरून काढली. "अहो सांभाळून, जुनी आहे ती," असं डेझमंड म्हणेपर्यंत तिने सँडविचं सरकवून ती टेबलावर फिरवून ठेवलीसुद्धा होती. भाषांतर आता उलटं झालं आणि पत्र सुलटं. पप्पांनी चष्मा पुसला. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, बोट ठेवून वाचायला लागला. ओठ हलत होते. अर्ध्यावर बोट थांबलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"पप्पा?"

पप्पांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. "चित्रे," ते म्हणाले, "म्हातारा येडा नव्हता गं."

चित्राने वाकून वाचलं. एकदाच वाचलं, पुरे झालं. बाजूला डेझमंड विचारत होते, काय झालं, काही वाईट आहे का? तिने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं की त्या इंग्रजीचा मूळ मराठीशी काही संबंध नाही, आणि मराठीत काय आहे तेही सांगितलं. डेझमंडचा चेहरा उतरला. त्यांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला.

"हे भयंकर आहे. खरंच भयंकर आहे. पण आज आनंदाचा दिवस आहे, मुलं आहेत... आपण हे पुढच्या वार्तापत्रात नीट छापू. आणि ऐका, मी समितीशी बोलतो. अशा परिस्थितीत फलकावर तेरावं नाव घालायला कुणी हरकत घेणार नाही. शमुवेल थॉर्नहिल. आजच जाहीर करतो, चालेल? फक्त हे वाचन आज नको."

घ्या! ज्यासाठी ती तीन महिने जळत होती ते आयतं हातात येऊन पडलं. चित्राने पप्पांना मराठीत सगळं सांगितलं. आता लपवाछपवी नाही. पाटीवर नाव लागेल, आजच लागेल, नगरला फोटो पाठवता येईल, फक्त पत्र वाचायचं नाही. काय करायचं?

पप्पांनी नाक पुसलं, रुमाल घडी करून खिशात ठेवला. "माईक कुठाय?" ते म्हणाले.

माईक फलकाखाली होता. पप्पा चौकट छातीशी धरून तिकडे चालायला लागले. डेझमंड "मिस्टर थॉर्नहिल, मिस्टर थॉर्नहिल" करत मागे, आणि एका वेळी वीस-पंचवीस मिस्टर थॉर्नहिल माना वळवून बघायला लागले. चित्राने माईक चालू केला, टिचकी मारली. हॉल शांत झाला.

"हे माझे वडील," ती म्हणाली. "तुमच्या भिंतीवरचं पत्र त्यांच्या आजोबांनी लिहिलं. ते उलटं लटकलं होतं. आता सुलटं वाचून दाखवतो. आभाराचं पत्र आहे असं समजून ऐकू नका."

पप्पा वाचायला लागले, शाळेत वाचायचे तसे, खणखणीत, एकेक वाक्य. त्यांचं एक झालं की चित्रा इंग्रजीत सांगायची.

"'थॉर्नील साहेबांस. माझे नाव शमुवेल ठेविले आहे ते मला समजले. हाक मारिली की मी ओ देतो. पण घरी मला गंग्या म्हणत. बापाचे नाव हरी. आईचे नाव येसू. दोघेही खडीच्या कामावर मेली.'"

पोरांची पळापळ थांबली होती.

"'माझी बहीण सोनी माझ्याहून लहान आहे. तिला दुसऱ्या गाडीत बसविले. कोठे नेले ते मडम सांगत नाहीत. तिच्या डाव्या मनगटावर विंचू गोंदला आहे. तुम्ही मोठे आहा. तुम्ही विचारिले तर सांगतील.'"

इथे चित्राचा आवाज फुटला. तिने पाणी मागितलं नाही, घसा खाकरला आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"'सोनी सापडली म्हणजे मी तुमचे नाव खुशीने घेईन. तोवर नुसते वागवीन. उत्तर पाठवावे.'"

पप्पांनी चौकट खाली केली. पुढचं त्यांनी कागदावरून वाचलं नाही. फलकाकडे हात करून ते आपल्या नगरी बोलीत बोलले, आणि चित्राने त्यातला एक शब्दही मऊ न करता इंग्रजीत सांगितला.

"या पाटीवर माझ्या आज्याचं नाव लावतो म्हणले आत्ता. नको. त्यानं तुमचं नाव घेतलेलंच न्हाई. त्याची अट होती. ती तुम्ही पुरी केली न्हाई, उत्तरसुद्धा धाडलं न्हाई. पत्र उलटं टांगून ठिवलं. तो जल्मभर बायांची मनगटं बघत हिंडला, त्यानं मार खाल्ला, आन् मीच त्याचा हात सोडून पळालो, कारण मला कुनी सांगितलंच न्हाई. मला जल्मभर लोक इचारत्यात, खरं आडनाव काय. मला ठावं न्हाई. आज्यालाबी ठावं नसंल. पन तुमचं नाव आम्ही चार पिढ्या वागवलं. नुसतं वागवलं, आन् लई चांगलं वागवलं. तुमच्या त्या शेवाळवाल्यापेक्षा चांगलं."

शेवाळवाल्यापाशी कोपऱ्यातून कुणीतरी चुकून हसलं आणि लगेच गप्प झालं.

पप्पा माईकपासून वळले, भिंतीपाशी गेले आणि चौकट स्वतःच्या हाताने खुंटीवर लावली. पत्र सुलटं, भाषांतर उलटं. "पत्र तुमालाच लिहिलंय," ते डेझमंडना म्हणाले, "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." मग आज्याचा फोटो बगलेत घेतला. "चल, चित्रे."

गर्दीने वाट दिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. दारात ती आयव्ही म्हातारी अजून टेबलामागे बसली होती. ती कष्टाने उठली. टेबलाला वळसा घालून समोर आली, तिने स्वेटरची डावी बाही कोपरापर्यंत वर ओढली आणि मनगट पप्पांपुढे धरलं. पातळ कातडी, निळ्या शिरा, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचं मनगट.

चित्राला वाटलं, पप्पा आता रडतील, नाहीतर तिचा हात बाजूला सारतील. पप्पांनी फोटो चित्राकडे दिला. म्हातारीचा हात दोन्ही हातांत धरला, पालथा केला, उलथा केला, नीट बघितलं. "ही न्हाई," ते म्हणाले आणि हात हळूच सोडला. तिच्यामागे दुसरी एक बाई बाही वर करून उभी होती. तिचंही बघितलं. "ही न्हाई." तिसरी आपल्या आईची चाकांची खुर्ची ढकलत आली, दोघींची मनगटं बघून झाली. पप्पा घाई करत नव्हते. चित्रा शेजारी फोटो धरून उभी होती आणि यावेळी तिने बापाच्या कोटाची बाही घट्ट पकडली होती.

सगळ्यांत शेवटी डेझमंड आले. चेहरा पांढरा पडलेला, आणि बोटं शर्टाच्या डाव्या कफाचं बटण सोडत होती.

पप्पांनी त्यांच्या बोटांवर हात ठेवला. "तुमचं नको, साहेब. तुम्ही उत्तर लिहा."

चित्राने सांगितलं. डेझमंडनी मान हलवली, खिशातून पेन काढलं, कागद शोधला, हिरव्या चिठ्ठ्यांतलीच एक उचलली. लिहिणार तेवढ्यात थांबले. "कुणाच्या नावे लिहू?" त्यांनी विचारलं. "खरं नाव काय?"

पप्पा जन्मभर त्या प्रश्नाला अडखळत आले होते. या वेळी नाही अडखळले. "गंग्या," ते म्हणाले. "हरी-येसूचा. सोनीचा भाऊ."

चित्राने डेझमंडच्या हातातून पेन घेतलं. हिरव्या चिठ्ठीवर 'मित्र' छापलेलं होतं त्यावर काट मारली आणि खाली मोठ्या मराठी अक्षरांत ते सगळं लिहिलं. चिठ्ठी डेझमंडच्या हातात दिली तशी त्यांनी ती उलटी धरली. तिने ती फिरवून सरळ केली आणि वरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही रेघ वर," ती म्हणाली.